एका घासाची लांबी

हातोदच्या पुढं, डांबर संपून सोयाबीन सुरू होतं तिथं,
धापूबाईच्या गोठ्यात आम्ही तिघं.
मैथिलीकडे फोन,
भेरूकडे फोन टेकवायला उलटी बादली,
माझ्याकडे कागद:
साठ सेकंद, आणि साठ सेकंदांत चार पोटं.

कागदावर सगळं बसत होतं.
कोटीपोट बारा सेकंद, जाळीपोट आठ...
कोटीपोट हा शब्द आईनं रामबागेतून फोनवर कळवला,
आधी विचारलं, जेवलास का,
मग म्हणाली, थांब, वहीत पाहते.
भेरू म्हणाला, जुगाली म्हण ना सरळ, रवंथ कोणाला कळणार?
म्हटलं, हिंदी तू बोल, मराठी मी बोलतो, ठरलंय ना अपलं.
माझ्या मराठीला पुण्याची मावशी हसते,
म्हणते, तुम्ही इंदूरवाले बोलण्यावरसुद्धा शेव भुरभुरता.
असू दे. रवंथ मात्र मी सोडला नाही.

कोंबडीच्या वेळी सोपं गेलं होतं:
ती खडे गिळते, खडे दाणे दळतात,
एकोणीस सेकंद, खेळ खल्लास.
चांदरी म्हैस आहे.
कपाळावर रुपयाएवढं पांढरं,
आणि आमच्याकडे बघायची तऱ्हा अशी
की बँकेत चुकीच्या खिडकीशी आलोय.

दहाला आलो होतो. साडेअकरा झाले.
तिनं शेपटी हलवली, शेण टाकलं,
एकदा फोनच्या काचेवर शिंकली.
चावलं काहीच नाही.
मैथिली म्हणाली, ढेप दाखवू?
भेरू म्हणाला, जुना व्हिडिओ उचलू कुठून तरी,
म्हैस म्हैसच असते.

हे ऐकलं धापूबाईनं.
घमेलं खाली ठेवून म्हणाली, बैठो.
उभा माणूस म्हणजे तिला वाटतं काहीतरी काम आहे,
धार, दावं, नाहीतर सुई.
कामाच्या माणसासमोर ती काय चावणार?

बसलो. पोत्यावर मैथिली, भुशात आम्ही.
बोलायचं नव्हतं, म्हणून बोललो नाही.
माशा होत्या. लांब कुठं तरी थ्रेशर होता.
मग तिच्या गळ्यात, खालून वर,
गोधडीखालून मांजर सरकावं तसं काही तरी सरकलं,
आणि तोंड चालू झालं.

खालचा जबडा डावीकडे जाऊन परत येई,
वर पुढचे दात नाहीतच, नुसती कडक हिरडी,
हे मला पाठ होतं, दिसलं आत्ता.
मी मोजत होतो. चोपन्न वेळा.
मग तोंड थांबलं. गळ्यातून ते खाली गेलं.
दोन श्वास काहीच नाही.
मग दुसरा घास वर.

मैथिलीनं फोन माझ्याकडे वळवला:
अठ्ठावन्न सेकंद.

रात्री कापायला बसलो आणि कापता येईना.
बाण लावले, काढले.
लाल वर्तुळ लावलं, तेही काढलं.
भेरूनं खाली ढोलक टाकून पाहिली,
चांदरी लग्नाला आल्यासारखी दिसू लागली.
माझी अकरा वाक्यं होती, एक उरलं:
‘म्हैस रवंथ करते आहे, एक घास.’
चार पोटं पुढच्या वेळी.

रविवारी धापूबाईला दाखवला.
ओट्यावर बसून, फोन हातभर लांब धरून
तिनं शेवटपर्यंत पाहिला.
म्हणाली, फेर चला.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं, जरा फुगलोच.
दुसऱ्यांदा मध्येच तिनं काचेवर बोट ठेवलं,
उजव्या कानाच्या मागं, एवढासा काळा ठिपका.
किल्ली, म्हणाली. म्हणजे गोचीड.
दीड तास आम्ही त्या कानासमोर बसलो होतो.

ती उठून तेलाची वाटी घेऊन गोठ्यात गेली.
फोन ओट्यावर तसाच.
बोट लागून चित्र थांबलेलं:
चांदरीचा जबडा अर्ध्या वाटेवर, डावीकडे,
घास अजून तोंडात.